ऑफिसातल्या सर्व्हरवर 'कनेक्शन खाजगी नाही' हा इशारा पुन्हा पुन्हा का येतो, आणि तो कायमचा कसा घालवायचा

ऑफिसातल्या एका संगणकावर स्टॉकचं किंवा बिलिंगचं सॉफ्टवेअर चालतं आणि बाकीचे सगळे ब्राउझरमध्ये त्याचा पत्ता टाकून काम करतात. अशी रचना आता दुकानांपासून शाळा-दवाखान्यांपर्यंत सगळीकडे दिसते. पत्ता एचटीटीपीएसने (कूटबद्ध जोडणीने) उघडला की पानाऐवजी लाल त्रिकोण येतो आणि खाली 'तुमचे कनेक्शन खाजगी नाही' हे वाक्य. कुणीतरी 'प्रगत' दाबून 'तरीही पुढे जा' करतं, काम सुरू होतं. थोड्या दिवसांनी इशारा परत हजर.

तो परत येतो कारण ती परवानगी तात्पुरतीच असते. क्रोम ती साधारण आठवडाभर लक्षात ठेवतो आणि मग विसरतो. फायरफॉक्स अपवाद कायमचा जपून ठेवतो, पण सर्व्हरचं सर्टिफिकेट (ब्राउझरला त्याची ओळख पटवणारी फाइल) बदललं की तोही नव्याने विचारतो. शिवाय इशारा ओलांडला म्हणजे सगळं सुरळीत झालं असं नाही. अशा पानावर क्रोम पासवर्ड जतन करायचं विचारत नाही. सर्व्हिस वर्कर नोंदवू देत नाही, म्हणजे ऑफलाइन चालणारं वेब अ‍ॅप बसतच नाही. आणि त्या पानाने मागच्या मागे अशाच दुसऱ्या पत्त्यावरून माहिती मागवली, तर ती विनंती काहीही न दाखवता मरते. मग 'सॉफ्टवेअर अडकतंय' म्हणून भलतीकडेच दुरुस्ती चालू होते.

एचटीटीपीवरच (कूटबद्ध नसलेल्या जोडणीवर) राहून चालेल का? फक्त बिलं बघायची असतील तर काम चालतं, जरी पासवर्ड वायफायवरून उघडा जातो. पण मोबाइलच्या कॅमेऱ्याने बारकोड वाचायचा असेल तर नाही. कॅमेरा, माइक, लोकेशन या गोष्टी ब्राउझर सुरक्षित पानालाच देतो. सूट आहे ती लोकलहोस्टला, म्हणजे सॉफ्टवेअर चालतं त्याच यंत्रावर ते उघडलं तर. म्हणून ज्याने सॉफ्टवेअर बनवलं त्याच्या लॅपटॉपवर सगळं चालतं आणि गोदामात फोनवर उघडलं की कॅमेरा सुरूच होत नाही.

माझी खरी काळजी मात्र वेगळी आहे. रोज लाल इशारा न वाचता ओलांडायची सवय लागलेली माणसं बँकेच्या नावाने आलेल्या खोट्या पानावरही तेच करतील. ऑफिसच्या सर्व्हरवर स्वच्छ कुलूप दिसायला हवं ते यासाठी, म्हणजे इशारा दिसला की माणूस थांबेल.

आधी एक सोपी वाट तपासा

ऑफिसच्या नावाचं डोमेन आधीच विकत घेतलेलं असेल तर स्वतः सर्टिफिकेट बनवायची गरजच नाही. लेट्स एन्क्रिप्ट या सार्वजनिक सर्टिफिकेट संस्थेकडून डीएनएस (नावावरून पत्ता शोधणारी यंत्रणा) पडताळणीच्या मार्गाने फुकट सर्टिफिकेट मिळतं. त्यासाठी सर्व्हर इंटरनेटवर उघडा करावा लागत नाही, डोमेनच्या डीएनएसमध्ये एक टीएक्सटी नोंद टाकावी लागते, एवढंच. मग त्या डोमेनचं एखादं उपनाव ऑफिसच्या आतल्या आयपीकडे (सर्व्हरच्या आकडी पत्त्याकडे) वळवायचं. सगळे फोन, सगळे ब्राउझर काहीही इन्स्टॉल न करता त्यावर विश्वास ठेवतात. मुदत कमी असल्यामुळे नूतनीकरण मात्र आपोआप होईल अशी सोय केलीच पाहिजे. सार्वजनिक सर्टिफिकेटची कमाल मुदत १५ मार्च २०२६ पासून २०० दिवस, १५ मार्च २०२७ पासून १०० दिवस आणि १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवस असं ठरलेलं आहे. हाताने बदलत बसायचे दिवस संपले.

डोमेन नसेल, सर्व्हरला इंटरनेट नसेल, किंवा आतलंच नाव वापरायचं असेल तर सार्वजनिक संस्था मदत करणार नाही. 'सर्व्हर' किंवा 'स्टॉक डॉट लोकल' अशा आतल्या नावांना आणि १९२.१६८ ने सुरू होणाऱ्या खाजगी पत्त्यांना सर्टिफिकेट देणं त्यांना १ नोव्हेंबर २०१५ नंतर बंद करावं लागलं. कारण उघड आहे: तसा पत्ता हजारो ऑफिसांत असतो, तो नक्की कुणाचा हे कोण ठरवणार? इथून पुढचं सगळं या दुसऱ्या परिस्थितीसाठी.

इशाऱ्यातला कोड वाचा

लाल पानावर बारीक अक्षरात इंग्रजी कोड असतो. तो न वाचता सर्टिफिकेट पुन्हा पुन्हा बनवणं ही या कामातली सगळ्यात मोठी वेळखाऊ चूक आहे.

क्रोममध्ये 'सर्ट ऑथॉरिटी इनव्हॅलिड' असेल, किंवा फायरफॉक्समध्ये 'अननोन इश्युअर' किंवा 'सेल्फ साइन्ड सर्ट', तर सर्टिफिकेट कुणी दिलं हे ब्राउझरला ओळखीचं नाही. म्हणजे इन्स्टॉल झालेलं नाही, किंवा चुकीच्या कप्प्यात झालं आहे.

'सर्ट डेट इनव्हॅलिड' म्हणजे मुदत संपली, नाहीतर संगणकाचं घड्याळ चुकलं. जुन्या पीसीत मदरबोर्डवरचा सीआर २०३२ सेल संपलेला असतो, वीज गेली की तारीख मागे जाते. ओळख सोपी: तुमच्या सर्व्हरबरोबर इतर सगळ्या साइट्सही बोंब मारत असतील तर घड्याळच बघा. फक्त तुमचाच सर्व्हर असेल तर एक गोष्ट आठवा. ओपनएसएसएल या सर्टिफिकेट बनवायच्या साधनाला 'डेज' हा पर्याय दिला नाही तर ते अवघ्या ३० दिवसांचं सर्टिफिकेट बनवतं. 'दर महिन्याला बिघडतं' या तक्रारीमागे बरेचदा एवढंच असतं.

आणि 'सर्ट कॉमन नेम इनव्हॅलिड'. फायरफॉक्स याला 'बॅड सर्ट डोमेन' म्हणतो. यावर थोडं थांबायला हवं, कारण सर्टिफिकेट उघडून पाहिलं तर 'कॉमन नेम' या रकान्यात नाव अगदी बरोबर दिसतं आणि माणूस चक्रावतो. ब्राउझर आता ते नाव बघतच नाही. तो 'सब्जेक्ट ऑल्टरनेटिव्ह नेम' या वेगळ्या विस्तारातली यादी बघतो. क्रोमने २०१७ साली ५८ व्या आवृत्तीपासून कॉमन नेमकडे बघणं सोडलं, फायरफॉक्सने २०२२ साली १०१ व्या आवृत्तीत उरलासुरला आधारही काढला. जुन्या व्हिडिओत दाखवलेली पद्धत जशीच्या तशी केली की नेमका हा विस्तार राहून जातो.

त्या यादीत आणखी दोन बारकावे आहेत. आयपी पत्ता 'डीएनएस' या प्रकाराखाली लिहिला तर चालत नाही, त्याला 'आयपी' असाच प्रकार द्यावा लागतो. आणि लोक ज्या ज्या रीतीने सर्व्हर उघडतात ती सगळी नावं यादीत हवीत: पूर्ण नाव, छोटं नाव, आयपी. एक सुटलं की तेवढ्याच एका माणसाला इशारा येतो आणि 'माझ्याकडे तर चालतंय' हा वाद सुरू होतो.

नाव कोणतं ठेवावं? 'डॉट लोकल' टाळा, ते एमडीएनएससाठी (यंत्रं आपसांतच नावं शोधतात त्या पद्धतीसाठी) राखलेलं आहे आणि काही यंत्रं ते वेगळ्या मार्गाने शोधतात. 'डॉट देव्ह' तर अजिबात नको. तो खरा सार्वजनिक डोमेन आहे आणि ब्राउझरमध्ये एचएसटीएसच्या (फक्त एचटीटीपीएसनेच उघडायच्या साइट्सच्या) पक्क्या यादीत बसलेला आहे, त्यामुळे तिथे इशारा ओलांडायचं बटणच मिळत नाही. 'डॉट इंटर्नल' हा शेवट २०२४ साली आयकॅन या डोमेन नावांचं नियंत्रण करणाऱ्या संस्थेने खाजगी वापरासाठी कायमचा राखून ठेवला, तो घ्या. फोनमध्ये होस्ट्स फाइल (यंत्रातली नाव-पत्त्यांची यादी) बदलता येत नाही, म्हणून नाव राउटरच्या डीएनएसमध्ये टाका. राउटरला ते जमत नसेल तर आयपीवरच काम करा, पण मग तो आयपी राउटरमध्ये सर्व्हरसाठी राखून ठेवा. नाहीतर वीज गेल्यावर पत्ता बदलतो आणि पुन्हा नावाचा इशारा.

एक नाही, दोन सर्टिफिकेट बनवा

बहुतेक जण एकच सेल्फ-साइन्ड (स्वतःच स्वतःवर सही केलेलं) सर्टिफिकेट बनवतात, सर्व्हरवर ठेवतात आणि तेच प्रत्येक संगणकावर इन्स्टॉल करतात. चालतं. पण आयपी बदलला, नाव वाढलं, मुदत संपली, की सगळ्या यंत्रांवर पुन्हा फिरती. माझं ठाम मत आहे की दोन यंत्रांचं ऑफिस असलं तरी आधी आपलं रूट सर्टिफिकेट (इतर सर्टिफिकेटवर सही करणारं मूळ सर्टिफिकेट) बनवावं आणि त्याच्या सहीने सर्व्हरचं वेगळं सर्टिफिकेट काढावं. यंत्रांवर रूट एकदाच बसतं. सर्व्हरचं कितीही वेळा बदला, कुणाच्या संगणकाला हात लावावा लागत नाही.

रूटसाठी ओपनएसएसएलची 'रेक' ही आज्ञा 'एक्स५०९' पर्यायासह चालवा. 'न्यूकी'मध्ये आरएसए ४०९६, 'डेज'मध्ये ३६५०. 'अ‍ॅडएक्स्ट' पर्यायाने 'की युसेज' हा विस्तार क्रिटिकल करून त्यात 'की सर्ट साइन' आणि 'सीआरएल साइन' द्या. 'अ‍ॅडएक्स्ट' १.१.१ आवृत्तीपासून आहे, त्याहून जुनं ओपनएसएसएल असेल तर आधी ते बदला. की फाइलला, म्हणजे सही करायच्या गुप्त फाइलला, पासफ्रेज (पासवर्डसारखं वाक्य) मागेल, तो द्याच, आणि चांगला लांब द्या. रूटच्या नावात ऑफिसचं नाव आणि साल घाला. त्याच नावाने दुसरं रूट कधीही बनवू नका: एकाच नावाची दोन रूट यंत्रावर बसली की कुठलं खरं हे तुम्हालाच कळत नाही, आणि अनुक्रमांकही जुळला तर फायरफॉक्स 'रीयूज्ड इश्युअर अँड सीरियल' म्हणून दार बंद करतो.

इथेच एक चांगली सोय वापरा, जी फार कमी जण वापरतात. 'नेम कन्स्ट्रेंट्स' या विस्ताराने रूटला मर्यादा घालता येते: फक्त तुमच्या 'डॉट इंटर्नल' नावासाठी आणि फक्त तुमच्या आयपी गटासाठीच या रूटची सही चालेल. 'पर्मिटेड' लिहून दोन्ही प्रकार द्या, एकच दिला तर दुसरा मोकळा राहतो. उद्या ती की चोरीला गेली तरी कुणी तुमच्या बँकेच्या नावाचं सर्टिफिकेट काढून तुमच्या लोकांना फसवू शकणार नाही. प्रमुख ब्राउझरच्या आत्ताच्या आवृत्त्या ही मर्यादा पाळतात.

आता सर्व्हरचं. पुन्हा 'रेक', पण 'एक्स५०९'ऐवजी 'न्यू', म्हणजे सहीसाठीची विनंती तयार होते. आरएसए २०४८ पुरे. या कीला पासफ्रेज नको, 'नोएन्क' द्या, जुन्या आवृत्तीत त्यालाच 'नोड्स' म्हणतात. नाहीतर वीज येऊन यंत्र सुरू झालं की वेब सर्व्हर पासफ्रेजची वाट बघत बसतो.

मग 'एक्स५०९' ही आज्ञा 'रेक' पर्यायासह चालवून रूटने सही करा, आणि बहुतेक जण अडकतात ते इथेच. विनंतीत तुम्ही नावांची यादी घातली असली तरी सही करताना ओपनएसएसएल ती आपण होऊन सर्टिफिकेटमध्ये उतरवत नाही. आज्ञा बिनतक्रार पूर्ण होते, फाइल बनते, आणि यादी गायब असते. म्हणून एक छोटी मजकूर फाइल करा. तिच्यात नावांची यादी, 'बेसिक कन्स्ट्रेंट्स'मध्ये सीए फॉल्स आणि 'एक्स्टेंडेड की युसेज'मध्ये 'सर्व्हर ऑथ' या तीन ओळी लिहा, आणि ती फाइल 'एक्स्टफाइल' पर्यायाने सही करतानाच द्या. ओपनएसएसएल ३ मध्ये 'कॉपी एक्स्टेन्शन्स' हा पर्याय आला आहे, पण काय जातंय हे डोळ्यांसमोर राहतं म्हणून मला फाइलच बरी वाटते.

मुदत ८२० दिवस ठेवा. दहा वर्षांचं काढायचा मोह होतो, पण अ‍ॅपलने आयओएस १३ आणि मॅकओएस १०.१५ पासून, म्हणजे १ जुलै २०१९ नंतर काढलेल्या सर्व्हर सर्टिफिकेटला ८२५ दिवसांची मर्यादा घातली आहे. ती स्वतः बसवलेल्या रूटलाही लागू आहे. विंडोजवर सगळं ठीक आणि फक्त आयफोनवर पान उघडत नाही, असं असेल तर मुदत आणि 'सर्व्हर ऑथ' या दोन गोष्टी आधी बघा.

सही झाल्यावर 'एक्स५०९'ला 'टेक्स्ट' आणि 'नोआउट' देऊन सर्टिफिकेट वाचा. नावांची यादी दिसली तरच पुढे जा.

फक्त स्वतःच्या संगणकावर डेव्हलपमेंटसाठी हवं असेल तर एवढा उपद्व्याप नको. एमकेसर्ट हे साधन हे सगळं दोन आज्ञांत करतं.

इन्स्टॉल करताना कप्पा चुकवू नका

यंत्रांवर न्यायची ती फक्त रूटची सर्टिफिकेट फाइल. की फाइल नाही, कधीच नाही.

विंडोजवर फाइलवर दोनदा टिचकी मारा, 'इन्स्टॉल सर्टिफिकेट', मग 'लोकल मशीन'. पुढे विझार्ड विचारतो की कप्पा आपोआप ठरवू का. इथे नाही म्हणा. आपोआप ठरवू दिलं की रूट भलत्याच कप्प्यात जाऊन पडतं, 'यशस्वी' असा संदेशही येतो, आणि इशारा मात्र तसाच राहतो. स्वतः 'ट्रस्टेड रूट सर्टिफिकेशन ऑथॉरिटीज' निवडा. क्रोम आणि एज इथूनच वाचतात. ब्राउझर पूर्ण बंद करून पुन्हा उघडा.

मॅकवर कीचेन अ‍ॅक्सेसमध्ये 'सिस्टिम' कीचेनमध्ये टाका. नुसतं टाकून भागत नाही, उघडून 'ऑलवेज ट्रस्ट' करावं लागतं.

फायरफॉक्स वर्षानुवर्षं स्वतःचाच वेगळा साठा वापरत आला आहे. १२० व्या आवृत्तीपासून विंडोज आणि मॅकवर तो सिस्टिममध्ये बसवलेली रूटही आपोआप घेतो. त्याहून जुना असेल तर सेटिंग्जमध्ये 'ऑथॉरिटीज' या टॅबखाली वेगळं आयात करा आणि 'वेबसाइट्स ओळखण्यासाठी विश्वास' या चौकटीत खूण करा.

लिनक्सवर गोंधळ जास्त. उबंटूत फाइल 'यूएसआर लोकल शेअर'खालच्या 'सीए सर्टिफिकेट्स' फोल्डरमध्ये टाकून 'अपडेट सीए सर्टिफिकेट्स' चालवतात. फाइलचा शेवट 'डॉट सीआरटी' नसेल तर ती गुपचूप वगळली जाते. आणि एवढं करून कर्लसारखी कमांडवर चालणारी साधनं समाधानी झाली, तरी क्रोम आणि फायरफॉक्स या साठ्याकडे बघत नाहीत. क्रोमसाठी एनएसएसच्या साधनसंचातल्या 'सर्टयूटिल'ने घरच्या फोल्डरमधल्या 'पीकेआय' साठ्यात वेगळं घालावं लागतं.

अँड्रॉइडवर सेटिंग्ज, सुरक्षा, एन्क्रिप्शन आणि क्रेडेन्शियल, सर्टिफिकेट इन्स्टॉल करा, 'सीए सर्टिफिकेट' असा रस्ता. कंपनीनुसार नावं थोडी बदलतात, सेटिंग्जमध्ये 'सर्टिफिकेट' शोधलं तरी सापडतं. क्रोम ते मानतो, पण अँड्रॉइड ७ पासून इतर अ‍ॅप्स वापरकर्त्याने घातलेली रूट आपण होऊन मानत नाहीत. ब्राउझरमध्ये चालतं आणि अ‍ॅपमध्ये नाही, तर दोष सर्टिफिकेटचा नाही. अ‍ॅप बनवणाऱ्याला त्याच्या नेटवर्क सुरक्षा फाइलमध्ये परवानगी द्यावी लागेल.

आयफोनवर रूटचं प्रोफाइल इन्स्टॉल झालं की लोक काम झालं समजतात. अजून एक बटण राहिलेलं असतं: जनरल, अबाउट, आणि अगदी तळाशी 'सर्टिफिकेट ट्रस्ट सेटिंग्ज'. तिथे तुमच्या रूटसमोरचं बटण चालू करा.

सगळं करूनही इशारा जात नसेल

ब्राउझरमध्ये सर्टिफिकेट उघडून 'जारी करणारा' कोण ते बघा. तिथे जुनंच नाव असेल तर वेब सर्व्हर रीलोड झालेला नाही, किंवा त्याच्या कॉन्फिगमध्ये दुसऱ्याच फाइलचा रस्ता आहे. तिथे अँटिव्हायरसचं नाव असेल तर अँटिव्हायरस मध्ये बसून एचटीटीपीएस तपासतो आहे आणि तुमचं सर्टिफिकेट ब्राउझरपर्यंत पोचतच नाही. त्याच्या यादीत तुमच्या सर्व्हरला वगळा.

करसल्लागार आणि टेंडर भरणारे कंत्राटदार यांना हाच त्रास वेगळ्या रूपात होतो. डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनसाठी संगणकावर एक छोटं सॉफ्टवेअर चालतं. पोर्टलचं पान १२७.०.०.१ या पत्त्यावर (म्हणजे त्याच संगणकावर) त्याच्याशी बोलतं, आणि त्यासाठी ते सॉफ्टवेअर बरेचदा स्वतःचंच सर्टिफिकेट वापरतं. ब्राउझरला ते ओळखीचं नसलं की पोर्टल म्हणतं 'सॉफ्टवेअर सुरू नाही', आणि खाली घड्याळाशेजारी त्याचं चिन्ह तर दिसत असतं. तोच पत्ता पोर्टसकट (पत्त्यापुढे कोलननंतर येणारा आकडा) वेगळ्या टॅबमध्ये उघडा. लाल इशारा आला तर निदान झालं. ते सॉफ्टवेअर अधिकृत पोर्टलवरूनच उतरवून, अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून पुन्हा इन्स्टॉल करा, म्हणजे त्याचं सर्टिफिकेट योग्य कप्प्यात बसेल. शेवटच्या तारखेच्या रात्री हे करत बसण्यापेक्षा आठवडाभर आधी एक चाचणी सही करून बघा.

रूटची की कुठे ठेवायची

सर्व्हरवर नाही. पासफ्रेज असलेली की एका पेनड्राइव्हवर, त्याची एक प्रत दुसऱ्यावर, दोन्ही कुलपात. सही करायची तेव्हाच बाहेर काढायची. मर्यादा न घातलेल्या रूटची की ज्याच्या हाती, तो ते रूट बसवलेल्या प्रत्येक संगणकासमोर कोणतीही साइट असल्याचं सोंग करू शकतो. फेब्रुवारी २०१५ मध्ये लेनोवोच्या लॅपटॉपमध्ये आधीच घातलेल्या सुपरफिशचं प्रकरण उघड झालं ते यामुळेच गंभीर होतं. सगळ्या लॅपटॉपमध्ये एकच रूट आणि त्याची तीच की, आणि तिचा पासवर्ड संशोधकांनी लगेच शोधून काढला. म्हणून कुणी व्हॉट्सअ‍ॅपवर 'हे सर्टिफिकेट टाका, चालेल' म्हणून फाइल पाठवली तर टाकू नका. तुमचं रूट देताना त्याचा शा-२५६ ठसा (फाइलची ओळख पटवणारा आकडे-अक्षरांचा लांब क्रम) वेगळ्या मार्गाने, शक्यतो फोनवर वाचून, जुळवून घ्या.

नोकरी सोडणाऱ्याच्या फोनमधून आणि विकायच्या लॅपटॉपमधून रूट काढून टाका. सर्व्हरच्या सर्टिफिकेटची मुदत संपायच्या महिनाभर आधीची तारीख ऑफिसच्या कॅलेंडरमध्ये टाका. त्या दिवशी नवी विनंती, त्याच 'एक्स्टफाइल'ने सही, फाइल बदलणं आणि वेब सर्व्हर रीलोड, एवढंच काम असतं. रूटची की हरवली किंवा कुणाच्या हाती लागली, तर नव्या सालाच्या नावाने नवं रूट बनवा आणि ते आधी सगळ्या यंत्रांवर बसवा. मग सर्व्हरचं सर्टिफिकेट त्याच्या सहीचं लावा आणि शेवटी जुनं रूट एकेका यंत्रावरून काढा. की चोरीला गेली असेल तर हे सगळं त्याच दिवशी व्हायला हवं.